खांद्यातला खडू आणि गणपतीचे डोळे

काकी

गेल्या वर्षी गणपतीत किहीमला ताईच्या घरी देव माझ्याकडे बघेना. माझं आजारपण खरं तिथून सुरू झालं. उजवा खांदा त्याआधी दोन वर्षं दुखत होता, पण त्याला मी आजार म्हणत नव्हते. बाईमाणसाचं काही ना काही दुखतंच, त्यात काय सांगायचं, असं आपलं चाललं होतं.

आधी मी कोण ते सांगते. पेणजवळ आमचा गणपतीचा कारखाना आहे. नवरा साच्यातून मूर्ती काढतो, रंगाला गावातल्या चार बायका येतात, आणि डोळ्यांची आखणी मी करते. फक्त डोळे. सव्वीस वर्षांत मी सोंडेला कधी हात लावला नाही. हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. ते फार बोलत नसत, पण एक वाक्य शंभरदा म्हणत, की घरातला देव बसलेल्या माणसाकडे बघायला पाहिजे. पूजा बसून करतात, भजन बसून करतात, म्हाताऱ्यांना तर उभं राहवतच नाही. म्हणून आखणी करताना मूर्ती फिरत्या पाटावर उंच ठेवायची, तिचे डोळे आपल्या डोळ्यांपेक्षा जरा वर. मग हात खांद्याइतका उचलून काम करावं लागतं. दिवसभर.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, मूर्ती आमचीच जाते. त्या दिवशी आरतीला उभी होते तोवर सगळं बरं होतं. आरती झाली, खिरापत वाटली, आणि मी ताईच्या सासूबाईंजवळ सतरंजीवर बसले. त्यांना आम्ही सगळे काकी म्हणतो. ऐंशीच्या पुढे वय, गुडघे गेलेले, पाचही दिवस त्या देवासमोर बसून असतात. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"या साली माझ्याकडं बघत न्हाय गं तो."

काहीतरी थट्टा करावी म्हणून मी मान वर केली. खरंच बघत नव्हता. बाहुल्या आमच्या दोघींच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला लागल्या होत्या. मी गुडघ्यांवर उभी राहिले, तरी नाही. सरळ उभी राहिले तेव्हा नजरेला नजर मिळाली. परत बसले तर परत आपला कॅलेंडरकडे.

ते डोळे माझ्या हातचे होते. आणि काय झालंय ते मला एका क्षणात कळलं. हात वर नेला की खांद्यात कळ यायची, ब्लाउजचा हूक लावताना डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून मी शहाणपणा केला होता. मूर्तीच खाली घेतली होती. मूर्ती मांडीशी, मी वरून वाकलेली, हात खाली, कळ नाही. दोन हंगाम मी असं काम केलं आणि स्वतःवर खूश होते. वरून बघून काढलेले डोळे वरच बघणार, हे सव्वीस वर्षं डोळे काढणाऱ्या बाईला कुणी सांगायला हवं होतं का? मला वाटायचं, बाहुली कुठे ठेवायची ते बोटांना ठाऊक आहे. बोटांना काही ठाऊक नसतं.

काकींना मी म्हटलं, तुम्हाला भास होतोय. खोटं बोलले. त्यांनी मान हलवली, आणि देवाकडे न बघता वाती वळत बसल्या.

फोटो

घरी येऊन मी नवऱ्याला एवढंच सांगितलं की खांदा डॉक्टरला दाखवायचाय. ते लगेच तयार झाले, ह्याचंच मला नवल वाटलं. एरवी दवाखाना म्हटलं की त्यांना कारखान्यातली दहा कामं आठवतात.

अलिबागला हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि उजेडात धरला. खांद्याच्या हाडावर तांदळाच्या कणीसारखा पांढरा ठिपका होता. डॉक्टर म्हणाले, स्नायू हाडाला बांधून ठेवणारी दोरी असते, तुमच्या त्या दोरीत खडू साठलाय.

खडू. आमच्या घरात मूर्तींच्या प्लास्टरने सगळंच पांढरं. अंगणात पांढरं, केसांत पांढरं, पापडावरसुद्धा कधी पांढरं येतं. नवऱ्याने अगदी गंभीरपणे विचारलं, की प्लास्टरची धूळ नाकातून जाऊन तिथे साठली असेल का. मला हसू आलं नाही, कारण मीही तेच विचारणार होते. डॉक्टर मात्र हसले. बाहेरचं काही नाही, म्हणाले, तो खडू तुमचं शरीरच तयार करतं, का करतं ते नेमकं सांगता येत नाही. तरी दुसऱ्या दिवशी आमच्या रंगकाम करणाऱ्या चारही बायका नाकाला फडकी बांधून आल्या, आणि आठवडाभर बांधून होत्या.

परतताना वडखळला चहाला थांबलो. माझ्या तोंडून ताईच्या घरचं सगळं बाहेर पडलं, काकी, कॅलेंडर, सगळं. नवरा कपातला चहा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

"चार घरांतून फोन आले व्हते," ते म्हणाले. "दोन गेल्या साली, दोन या साली."

देव बघत नाही, हीच सगळ्यांची तक्रार. चार घरांना माझा नवरा परस्पर सांगत होता की चौरंग काढा, मूर्ती जमिनीवर पाटावर बसवा म्हणजे नजर जुळेल. दोन वर्षं. आणि मला एक शब्द नाही. कपाटात त्यांनी मूर्तीवर चिकटवायचे डोळ्यांचे तयार छापसुद्धा आणून ठेवले होते, लागले तर असावेत म्हणून. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत.

"सांगितलं असतं तं तू ब्रश खाली ठेवला असतास. मग तू घरात काय केलं असतंस?"

मला राग आला, लाज वाटली, आणि ते बोलले ते खरं होतं याचा अजून राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढत होते, पण ताट जरा आपटून.

गोळी

गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, एक इंजेक्शन झालं. दिवाळी आली तरी मला उटणं लावून घ्यायला जावेची मदत लागली. डॉक्टर म्हणाले, काही दुखणी चिवट असतात. मी म्हटलं, आम्ही पण असतो. पण आतून धीर सुटत चालला होता. चैत्र लागला की आखणी सुरू होते, आणि कपाटातले ते छाप मला रोज डोळ्यांसमोर दिसत होते.

मार्गशीर्षात ताईचा फोन आला. काकींनी रक्तदाबाची गोळी बंद केली होती. दिली की तुळशीत टाकायच्या. ज्याच्या हातात सगळं हाय त्यानंच नजर काढून घेतली, आता गोळीनं काय व्हणार, असं म्हणायच्या. आपली दोन लुगडी त्यांनी शेजारणीला देऊनही टाकली होती.

मी हातातला फोन तसाच घेऊन पायरीवर बसले. माझ्या खांद्यामुळे एक बाई मरायला निघाली होती, आणि मी तिला भास झालाय म्हणून सांगून आले होते.

दुसऱ्याच दिवशी किहीम गाठलं. काकींच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. खांदा, खडू, मूर्ती खाली घेतली ते, खोटं बोलले ते. पदराने डोळे पुसत होते आणि सांगत होते.

"देवाच्या नजरेपुढं तुझा खांदा कोण गं?" त्या म्हणाल्या. "त्याला बघायचं असतं तं त्यानं तुझ्या हातून नीट काढून घेतलं असतं."

मी म्हटलं, पुढच्या वर्षी नीट काढीन, तेव्हा तुम्हीच बघा. त्या म्हणाल्या, बघू, असले तर. उठताना मला त्यांनी माडाखालचे दोन नारळ दिले, जसे दर वेळी देतात. ते घेऊन मी मागच्या दारी विहिरीशी गेले आणि पोटभर रडले. त्या आठवड्यापासून ताई डॉक्टरांना विचारून ती गोळी कुटून डाळीत घालू लागली.

दोन हजार ठोके

शॉकवेव्हचं नाव डॉक्टरांनी काढलं तेव्हा आम्हा दोघांनाही वाटलं, करंट देणार. नवरा म्हणाला, रबरी चप्पल घालून जा. मी घातली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी ती दाराबाहेरच काढायला लावली, तेव्हा मी दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर उचलून बसले. मॅडम तरुण होत्या, माझ्या मुलीएवढ्या, पण धीराच्या. त्यांनी समजावलं की ह्यात करंट नाही, नुसते दाबाचे ठोके आहेत, कातडीतून आत जातात. जिथे दुखतं तिथेच द्यायचे. जुनं दुखणं शरीर विसरून गेलेलं असतं, त्याला जागं करायचं.

आधी गार जेल लावलं. मग पिस्तुलासारखं एक यंत्र खांद्यावर टेकवलं आणि सुरू केलं.

मी तयार नव्हते. कुणी कितीही सांगितलं असतं तरी तयार नसते. दाराची चौकट बसवताना सुतार जसा थांबत नाही, तसं ते थांबेचना. पहिल्या दहा ठोक्यांत मी अशी ओरडले की बाहेर बाकावर नंबर लावून बसलेले एक काका उठून घरी गेले, असं नंतर कळलं. मॅडमनी जोर कमी केला आणि विचारलं, एक ते दहात किती दुखतंय. मी विचारलं, बाळंतपण किती धरता. त्या म्हणाल्या, दहा धरा. मग हे सात, मी म्हटलं, पण तिथे शेवटी बाळ तरी मिळतं. त्या हसल्या आणि परत सुरू केलं. यंत्रावर आकडा पळत होता. दोन हजारांना थांबलं. घड्याळात बघितलं तर सगळं मिळून दहा मिनिटंही झाली नव्हती, ह्याचाही धक्काच बसला.

आठवड्याला एक, असे पाच वेळा. मधल्या दिवसांत दुखलं तरी नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत, बर्फ लावायचा नाही, जड उचलायचं नाही. दुसऱ्या खेपेनंतर खांदा आधीपेक्षा जास्त दुखायला लागला. मी नवऱ्याला म्हटलं, मी काही आता जात नाही, छाप वापरा. तिसऱ्या वेळी ते सकाळीच कपडे करून अंगणात उभे होते, गाडी पुसत. म्हणाले, मी अलिबागला चाललोय, यायचं तर ये. मी शिव्या घालत मागे बसले.

तिथे आम्ही ठरलेल्या दिवशी भेटणारी माणसं होतो. रेवदंड्याचे एक दादा टाचेसाठी यायचे. त्यांना तिसऱ्या वेळीच उतार पडला, आणि त्यांनी सगळ्यांना सुके बोंबील आणून वाटले. एक शाळेतल्या बाई कोपरासाठी येत, त्यांना शेवटपर्यंत फरक पडला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मॅडमनी मला हे इतर दुखणेकऱ्यांसाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी एवढीच अट घातली होती, की जे झालं ते सगळं लिहीन. हे सगळ्यांना लागू पडतं असं नाही. आणि पडलं तरी लगेच पडत नाही.

काहीच नाही

पाचवी वेळ झाली. मला वाटलं होतं, शेवटच्या दिवशी उठून हात वर करीन आणि सगळे टाळ्या वाजवतील. हात जिथे अडकायचा तिथेच अडकला. मॅडम म्हणाल्या, आता दोन महिने व्यायाम आणि वाट बघणं. दोन महिने. मी कपाळावर हात मारून घेतला, तोही डावा.

हे दोन महिने सगळ्यात वाईट गेले. ठोके तरी समोर दिसतात, वाट बघणं दिसत नाही. मी रबराचा पट्टा दाराच्या कडीला बांधून मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ओढत होते आणि जाता-येता माणसं विचारत होती, काय पाणी काढतेस का. फरक पडलाय का, असं नवऱ्याने एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, त्यांना कंटाळा आला. एके दिवशी कारखान्यात गेले तर माझ्या जागेच्या वर, पत्र्याच्या पाइपाला माझ्याच जुन्या लुगड्याची पट्टी टांगलेली. खाली झोळी केलेली, कोपर टेकवायला.

"डोळे काढताना हात भरला तं ठेव तिच्यात," ते म्हणाले, आणि साचा उघडायला निघून गेले.

कधी माफी न मागणाऱ्या माणसाची ही माफी, हे मला कळलं. त्या दिवशी भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवला.

तुमच्यापैकी कुणाचं असं चिवट दुखणं असेल तर मला एकच सांगायचंय. दुखतंय म्हणून कामाची पद्धत गुपचूप बदलू नका. आधी घरात बोला. मी बोलले असते तर दोन वर्षं कमी दुखलं असतं, आणि किहीमला एक म्हातारी वाती वळत घुम्यासारखी बसली नसती.

फाल्गुन संपत आला होता. मी स्वयंपाकघरात होते, पोह्यांचा डबा हवा होता. तो वरच्या फळीवर असतो, दोन वर्षं तो जाऊच काढून द्यायची. डबा हातात आला, मी झाकण उघडलं, पोहे चाळणीत घेतले, आणि मग हातातली चाळणी खालीच ठेवली. मी डबा उजव्या हाताने काढला होता. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. चार-पाच वेळा तरी केलं. कळ होती, पण आता ती लांबून हाक मारल्यासारखी होती. मी ओरडून जावेला बोलावलं, तिला वाटलं साप निघाला.

आखणी

चैत्रात पहिली मूर्ती मी काकींची घेतली. पाट उंच चढवला, सासरे चढवायचे तेवढा. डावा डोळा काढला आणि हात झोळीत ठेवून बसले. मग उजवा. मग नवऱ्याला हाक मारली आणि जमिनीवर बसायला सांगितलं. कारखान्यातली बाकीची कामं थांबली. ते बसले, मूर्तीकडे बघितलं, जरा डावीकडे सरकले, जरा उजवीकडे. मग कपाटाकडे गेले, छापांचं पाकीट काढलं आणि मूर्ती वाळवायच्या भट्टीत नेऊन टाकलं.

आता आमच्याकडे हा नेमच झालाय. माझी आखणी झालेली मूर्ती कुणीतरी खाली बसून बघितल्याशिवाय दाराबाहेर जात नाही.

परत किहीम

यंदा गणपती आणायला ताईकडची माणसं आली तेव्हा मी मूर्तीबरोबरच गाडीत बसून किहीमला गेले. काकी होत्या. बारीक झाल्या होत्या, पण होत्या. माझ्याशी त्या नीट बोलल्या, तब्येत विचारली, देवाचं नाव मात्र काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पूजा होईपर्यंत त्या आतल्या खोलीतच बसून राहिल्या. ताई दोनदा बोलवायला गेली, तर म्हणाल्या, ऐकू येतं मला इथून.

शेवटी मी गेले आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. उजव्या हाताने. त्यांनी त्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाहेर आल्या. नेहमीच्या जागी सतरंजीवर बसल्या, मान खाली घालून. मी त्यांच्या मागे बसले आणि त्यांच्या डोक्याइतकी वाकले, म्हणजे त्यांना दिसेल तेच मला दिसेल. ताई स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती.

मग काकींनी मान वर केली.

"बघतो," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही हात जोडले, सोडले, परत जोडले. मग मान मागे वळवून मला म्हणाल्या, "म्हणजे गेल्या साली खरंच तुझा खांदा व्हता."

"व्हय काकी."

"आणि मी देवाला वरीसभर शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. मला हसावं की रडावं कळेना, दोन्ही झालं.

मग त्यांनी दाराकडे बघितलं.

"सूनबाई, उद्यापासून ती गोळी डाळीत घालू नको. डाळ कडू लागते. माझी माझ्या हातात दे."

ताईच्या हातातली पळी तशीच राहिली. म्हणजे त्यांना पहिल्यापासून कळत होतं. देवाने नजर काढून घेतली म्हणत होत्या, आणि ती कडू डाळ रोज गुपचूप संपवत होत्या. ताई आत गेली आणि गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. काकींनी देवाकडे बघत ती गिळली.